शाळेत गळ टाकायचा असेल तर

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शालेय क्रीडा संघटनेने २००९ साली कार्लाइल तलावावर बास माशाच्या मासेमारीची राज्य अजिंक्यपद स्पर्धा घेतली. बास्केटबॉल आणि कुस्तीच्या रांगेत गळाची काठी येऊन बसली. पुढे केंटकी, अलाबामा अशा राज्यांनीही ती वाट धरली. आता तिकडे शाळेचं नाव छापलेले शर्ट घालून मुलं पहाटे बोटीवर चढतात, आणि त्यांचे व्हिडिओ इकडे नवी मुंबईत, वाशीतली आठवी-नववीतली मुलं मोबाइलवर बघतात. मग प्रश्न येतोच: आपल्याला खाडी आहे, कोळीवाडे आहेत, मग आपल्या शाळेत हे का नाही?

करता येईल. पण तिकडचा आराखडा जसाच्या तसा उचलून आणला तर तो पहिल्याच ओहोटीला चिखलात रुतेल. हा लेख ज्यांना खरंच काही सुरू करायचं आहे अशा मुख्याध्यापकांसाठी, क्रीडाशिक्षकांसाठी आणि पालक-शिक्षक संघातल्या उत्साही मंडळींसाठी आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिलं वर्ष मैदानावर आणि तळ्यावर काढा, खाडीवर जायचं तर तिथल्या कोळ्याच्या हाताखाली जा, आणि मासा वजनकाट्यावर नव्हे, पट्टीवर मोजा. हे तीन धरून ठेवलं की बाकीचं जमवता येतं.

गुण मिळतात का?

पालकसभेत हाच प्रश्न पहिला येणार, म्हणून तो आधीच निकालात काढू. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण हे क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या मान्य खेळांशी आणि ठरलेल्या पातळीच्या स्पर्धांशी बांधलेले आहेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका-महापालिका-जिल्हा-विभाग-राज्य अशी ती उतरंड आहे. गळाच्या मासेमारीचा शाळेतला नवा उपक्रम या उतरंडीत कुठेच बसत नाही. तेव्हा सुरुवात ‘खेळ’ म्हणून न करता ‘मंडळ’ म्हणून करा. निसर्ग मंडळ किंवा विज्ञान मंडळ असतं तसंच. गुणांचं गाजर दाखवून मुलं जमवलीत तर दिवाळीनंतर निम्मी गळतील, आणि राहिलेल्यांचे पालक तुमच्या दारात उभे राहतील.

मंडळाचा आणखी एक फायदा आहे. खेळाला संघ लागतो, संघाला निवड लागते, आणि निवड म्हटली की पळण्यात मागे पडणारी मुलं आधीच बाद होतात. इथे त्याची गरज नाही. धावता न येणारा, चष्मा लावणारा, वर्गात गप्प बसणारा मुलगा दीड तास पाण्याकडे बघत बसू शकतो, आणि या खेळात तोच पुढे जातो. मुली-मुलगे वेगळे करायचंही कारण नाही.

तिकडचं काय घ्यायचं, काय सोडायचं

अमेरिकी शालेय स्पर्धेचा साचा साधारण असा असतो: दोन विद्यार्थ्यांची जोडी, त्यांच्या बोटीवर सुकाणू धरणारी एक प्रौढ व्यक्ती, दिवसभरातले सर्वांत मोठे पाच मासे, ते बोटीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, संध्याकाळी तोलायचे आणि परत सोडायचे. मेलेला मासा आणला तर वजनातून वजावट.

यातली जोडी घ्या, पाच माशांची मर्यादा घ्या, सोडून देण्याची अट तर घ्याच. बोट सोडा. आपल्याकडे घराघरात मोटारबोट नाही, आणि ठाणे खाडीत अठरा वर्षांखालच्या मुलांना बोटीवर नेण्याची जबाबदारी कुठल्याही शाळेने पहिल्या तीन वर्षांत घेऊ नये. वजनकाटाही सोडा. मासा तोलायचा तर तो दिवसभर साठवावा लागतो. आपल्या उकाड्यात, बादलीतल्या कोमट पाण्यात तो संध्याकाळपर्यंत तग धरत नाही. ओल्या पट्टीवर लांबी मोजली, फोटो काढला आणि सोडला, की सगळा मामला अर्ध्या मिनिटात आटोपतो.

आणि बास मासा? तो तिकडचाच. इथल्या तळ्यात आणून सोडण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर तिथल्या तिथे खोडून काढा. आफ्रिकेतली चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, आणि आज ती नाही असं तळं शोधावं लागतं.

आपला मासा जिताडा

इंग्रजीत जिताड्यालाही सी-बास म्हणतात. कुळ वेगळं असलं तरी गळाला लागल्यावर झुंज देण्यात तो कुणाला हार जात नाही. रायगडात पाहुण्याला जिताडा वाढला म्हणजे मान ठेवला असं समजतात. त्याची जीवनकथा मुलांना सांगण्यासारखी आहे. तो वाढतो गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात, अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे बहुतेक जिताडे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि काही वर्षांनी, अंगाने मोठे झाल्यावर मादी होतात.

या एका वस्तुस्थितीतून मंडळाचा नियम निघतो. सर्वांत मोठा मासा मारला तर बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी मारली जाते. म्हणून मोठा जिताडा परत पाण्यात गेलाच पाहिजे, कितीही फोटोजोगा असो. लहान माशाच्या बाबतीत तर कायदाच बोलतो: राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडून मिळवा आणि विज्ञानाच्या वर्गात लावा.

पण सुरुवातीला जिताडा विसरा. वाशीच्या धक्क्यावरून शिकाऊ मुलाच्या गळाला लागेल तो शिंगाळा, एखादी खरबी, नशीब असेल तर तांबोशी. बोईट दिसेल भरपूर, थव्याने पाण्यावर उड्या मारताना. लागेल मात्र क्वचित, कारण तो शेवाळ-गाळ चाटणारा मासा. त्याच्यासाठी बारीक गळ आणि पावाचा लगदा लागतो, आणि भरपूर सोशिकपणा.

पहिली सहामाही: फक्की, रबर आणि गाठ

मासे नसलेली मासेमारी हा या उपक्रमाचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि शाळांना तोच सर्वांत सोपा आहे. गळ फेकण्याच्या, म्हणजे कास्टिंगच्या, स्वतंत्र स्पर्धा जगभर मैदानावर होतात. गळाच्या जागी रबराचं किंवा प्लास्टिकचं छोटं वजन बांधायचं आणि ठरलेल्या वर्तुळात टाकायचं.

कबड्डीचं मैदान आखायला आणलेली फक्की घ्या. दहा, बारा आणि पंधरा मीटरवर तीन वर्तुळं आखा, प्रत्येकी हुला-हूपच्या आकाराची. सहा-साडेसहा फुटांची स्पिनिंगची काठी, त्यावर लहान रीळ, पाव मिलिमीटर जाडीचं तंगूस. काठी हातात घेतल्यावर रीळ खाली येतं. तर्जनीने तंगूस काठीला दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने रीळावरची तारेची कमान उघडायची. आता तंगूस फक्त त्या बोटावर आहे. काठी खांद्यावरून मागे, मनगटाने पुढे, आणि काठी समोर घड्याळातल्या दहाच्या आकड्याजवळ आली की बोट सोडायचं. लवकर सोडलं तर वजन आभाळात जातं. उशिरा सोडलं तर पायापुढे आपटतं. पहिल्या तासाला पोरं दोन्ही करतात, मोठ्याने हसतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी पंधरा मीटरच्या वर्तुळात पाचपैकी तीन टाकतं. तिथून पुढे त्यांना थांबवावं लागतं.

एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. फेकण्याआधी मागे वळून बघायचं आणि मोठ्याने ‘मागे!’ म्हणायचं. आज रबर आहे, उद्या गळ असेल. शेजाऱ्याच्या डोळ्यापासून दोन काठ्यांचं अंतर. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर साधा का होईना चष्मा.

पावसाळ्यात मैदान भिजलेलं असतं तेव्हा वर्गात गाठी शिकवा. गळाच्या भोकातून तंगूस घालायचं, सुट्या टोकाचे मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक गळाजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून ओवायचं, थुंकी लावून ओली करायची आणि सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर तंगूस तापून कमजोर होतं, आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो. ही गाठ डोळे मिटून बांधता येईपर्यंत पाण्याचं नाव काढू नका. गाठीसाठी गळ हवाच असं नाही, मोठी सेफ्टी पिन चालते.

भरतीचं गणित

खाडीकाठी राहणाऱ्या मुलांना भरती-ओहोटी कळत नाही, ही आजच्या वाशीतली खरी स्थिती आहे. पामबीच रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला पाणी कधी आहे आणि चिखल कधी आहे याचा पत्ता नसतो. कोळ्याच्या घरात मात्र तिथी विचारली की वेळ सांगतात. पद्धत साधी आहे: तिथीच्या आकड्याचा पाऊणपट करा, पूर्ण भरतीची घटका येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुंबईच्या किनाऱ्याला हे बऱ्यापैकी जुळतं, खाडीत आत शिरताना थोडा उशीर धरायचा. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पुरी होते. गणिताच्या शिक्षकांनी छापील भरतीच्या तक्त्याशी हा हिशोब महिनाभर ताडून बघायला लावला तर एक उत्तम प्रकल्प होईल.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं आणि वेगाने ओढतं. ते दिवस मुलांचे नाहीत. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ सौम्य असते. आणि अष्टमीची भरती सकाळी सहाला. म्हणजे सप्तमी ते दशमी यांत येणारा शनिवार पकडा, सकाळी सातला धक्क्यावर या. तेव्हा चिखल पाण्याखाली असतो, ऊन नसतं, ओहोटी नुकतीच लागलेली असते. साडेनऊला आवरतं घ्या. शनिवार दशमीच्या पुढे गेला तर पुढच्या पंधरवड्याची वाट बघायची. तिथीशी वाटाघाटी होत नाहीत.

हंगाम कोणता, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला ती थेट लागू नसली, तरी तो काळ अनेक माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या पाण्याचा आहे. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर समुद्रात उतरतात, तर शाळेने त्यांच्या आधी घाई करण्याचं कारण नाही.

जागा निवडताना

वाशी पुलाच्या उत्तरेला, ऐरोलीकडे, खाडीचा मोठा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. २०१५ मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्र १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा चालतो. तिथे शाळेची सहल नेऊन गळ टाकणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. किनाऱ्यालगतचं कांदळवनही बहुतेक ठिकाणी राखीव वन आहे, तेव्हा झाडीतून वाट काढत ‘मस्त स्पॉट’ शोधायचा नाही. कोणतीही जागा नक्की करण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. पक्षी बघायला मात्र मुलांना जरूर न्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अर्धा दिवस घालवला की खाडीत कोण काय खातं हे कळतं.

वाशीगाव, सारसोळे, दिवाळे इथल्या धक्क्यांवर रोजचं काम चालतं. बोट लागते तेव्हा जागा सोडायची, पसरलेल्या जाळ्यावर पाय द्यायचा नाही, पाण्यात टाकलेल्या जाळ्यावरून गळ फेकायचा नाही. ही शिष्टाचाराची बाब नाही, पोटाची आहे.

सागर विहारालगत आणि शहरात इतरत्र सिडकोने भरतीचं पाणी आवरायला धारण तलाव बांधले. दिसायला मोहक, पण उताराचे कठडे निसरडे आणि गाळ खोल. ते टाळा. गावठाणातली जुनी तळी बरी, फक्त तिथे मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते महापालिकेत विचारून घ्या. गणेशविसर्जनाचं तळं असेल तर तळाशी मूर्तींच्या सांगाड्यांचे खिळे आणि तारा असतात, गळ अडकून तुटत राहतात. सर्वांत निर्धोक म्हणजे पनवेल-कर्जत बाजूची खासगी तळी, जिथे पैसे भरून काठावर बसता येतं. चिलापी आणि रोहू-कटला हमखास लागतात. पहिल्यांदा पाण्यावर जाणाऱ्या मुलाला काहीतरी लागणं फार गरजेचं असतं.

पवईचा तलाव अनेकांच्या मनात येईल. १८९१ मध्ये बांधलेल्या त्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे. गळकऱ्यांनी तलावाची राखण कशी करावी हे बघायला तिथे जावं, जुन्या सभासदांशी बोलावं. मुलांना घेऊन गळ टाकायला मात्र संस्थेच्या परवानगीशिवाय आणि तिच्या जागेशिवाय जाऊ नये. तलावात मगरी आहेत, आणि ही शोभेची माहिती नाही.

मास्तर कोण?

क्रीडाशिक्षक शिस्त राखेल, विज्ञानशिक्षक जात ओळखेल, पण पाणी वाचायला कोळीच हवा. गरी टाकून मासा गरवणारी ज्येष्ठ माणसं अजून वाशीगावात, जुहूगावात, कोपरखैरण्यात सापडतात. पाण्याच्या रंगावरून तळाचा अंदाज, बगळा कुठे उभा आहे यावरून बोईटाचा अंदाज, हे कुठल्या व्हिडिओत नाही. त्यांना बोलवायचं तर सन्मानाने: मानधन ठरवून, प्रशिक्षक म्हणून फलकावर नाव लिहून. ‘काका, जरा पोरांना दाखवा ना’ असं फुकटात काम काढून घेऊ नका.

या माणसांचा खाडीशी संबंध छंदाचा नाही हे मुलांना आधी सांगा. तिसऱ्या ठाणे खाडी पुलाचं काम निघालं तेव्हा वाशी परिसरातली मरिआई मच्छीमार सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने पारंपरिक मासेमारीवर होणाऱ्या परिणामाबद्दल भरपाईचं त्यांचं म्हणणं मान्य केलं. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे तिथे शाळेचा संघ पाहुणा आहे. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं.

माझी एक सूचना आहे, काहींना पटणार नाही. मंडळात कोळी-आगरी घरातली मुलं असतील तर त्यांना पहिल्या वर्षी जोडीदार निवडायचा हक्क द्या. शाळेत बहुतेक वेळा त्यांनी घरच्या धंद्याबद्दल गप्प राहायला शिकलेलं असतं. इथे वर्गातला हुशार मुलगा त्यांच्याकडून गाठ शिकतो, हे एकदा होऊ द्या.

जीव आणि कातडी

मुख्याध्यापकांना पाणी म्हटलं की २०१६ ची मुरूडची दुर्घटना आठवते. पुण्याच्या महाविद्यालयाची सहल, आणि समुद्रात बुडालेली मुलं. ती भीती रास्त आहे, तिला हसू नका. उत्तर कागदावर द्या.

जो मुलगा तरणतलावात पंचवीस मीटर पोहत नाही आणि दोन मिनिटं तरंगत नाही, तो काठावर बसेल, पट्टी धरेल, नोंदी करेल, पण गळ टाकणार नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट असेल, बक्कल लावलेलं, तळ्यावरही. पाच मुलांमागे एक प्रौढ, आणि त्यातल्या एकाला पोहता आणि प्रथमोपचार येत असावेत. पाण्यात उतरायचं नाही. गळ अडकला तर तोडायचा. खाडीचा चिखल पोटरीपर्यंत येईतो कळत नाही, आणि धक्क्याच्या दगडांवरची कालवं पायाला पात्यासारखी कापतात. चपला नकोत, बंद बूट हवेत. डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा गेल्या असतील तिथून लांब राहा. कार्बनची काठी वीज वाहून नेते.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून चपटा करून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण मुलाच्या बोटात गळ गेला तर तो आल्या वाटेने निघतो. माशाचा जबडाही फाटत नाही. काटा न दाबलेला गळ ज्याच्या डब्यात सापडेल त्याने त्या दिवशी नुसतं बघायचं.

शिंगाळा नेहमी लागणार, म्हणून त्याला धरायचं कसं ते कोळ्याकडून हाताने शिकून घ्या. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या पंखांवर एकेक काटा असतो, विषारी. मुलांनी त्याला हात लावायचा नाही. पक्कडीने गळ काढून सरळ पाण्यात. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायची आणि डॉक्टरकडे न्यायचं. पाखट लागला तर तंगूसच कापा. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं ते चहासाठी नव्हे, यासाठी.

तुटलेलं तंगूस गोळा करून परत आणणं हा नियम नाही, अट समजा. बगळ्याच्या पायात गुंतलेला धागा त्याचा पाय कापत जातो. प्रत्येक जोडीने निघताना आपलं डबडं दाखवायचं, त्यात तुकडे असले पाहिजेत.

मासा हातात आल्यावर

हात आधी ओले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे रोगाला बळी पडतो. कल्ल्यात बोट घालायचं नाही, जमिनीवर आपटू द्यायचं नाही. ओली पट्टी आडवी, तोंड शून्याला टेकवून शेपटीच्या टोकापर्यंत माप, शेजारी त्या दिवसाचं चिठ्ठीवरचं चिन्ह, एक फोटो, आणि दोन्ही हातांनी पाण्यात धरून तो स्वतः निघेपर्यंत थांबायचं.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी या खाडीला वर्षानुवर्षं भोवलेलं आहे. शाळेने धरलेला मासा घरी न्यायचा नाही हा नियम त्या कारणानेही बरा. पण याचे फलक करून धक्क्यावर लावायला जाऊ नका. शेजारी ज्या मावशी म्हावरं विकायला बसल्यात त्यांच्या धंद्यावर तुमचा प्रकल्प नको. त्यांची टोपली फक्त या खाडीतली नसते.

वाशीत शाकाहारी आणि जैन कुटुंबं बरीच आहेत. त्यांचा आक्षेप जीव दुखवण्याला असतो, आणि ‘आम्ही सोडून देतो’ हे त्याचं पुरतं उत्तर नाही. गळ लागताना माशाला इजा होतेच. हे मोकळेपणाने मान्य करा आणि अशा मुलांना मैदानावरचं कास्टिंग, भरतीचं गणित, पक्ष्यांच्या नोंदी यांत पूर्ण वाटा द्या. स्पर्धेत गुणही द्या.

स्पर्धा कशी आखायची

दोन-तीन शाळा मिळून फेब्रुवारीच्या आधी एक सामना घ्या. गुणांची वाटणी मी अशी करीन: मैदानावरच्या कास्टिंगला चाळीस, पाण्यावर मिळालेल्या पाच सर्वांत लांब माशांच्या सेंटिमीटरना चाळीसपर्यंत, आणि नोंदवहीला वीस. नोंदवहीत तिथी, भरतीची वेळ, वारा, आमिष, माशाची जात. मेलेल्या माशाला दहा गुण वजा. नुसतं माशांवर ठेवलं तर नशीब जिंकतं आणि पालक पंचांशी भांडतात. कास्टिंगला निम्म्याच्या आसपास ठेवलं की ज्याने जुलैपासून घाम गाळला तो पुढे राहतो.

खर्चाचं म्हणाल तर काठी-रीळाचा सुरुवातीचा संच दोन हजारांच्या आसपास येतो. वीस मुलांना दहा संच पुरतात, जोडीला एक. लाइफ जॅकेटवर मात्र काटकसर नको. काठ्या शाळेच्या, गळ आणि शिसं क्रीडाशिक्षकाच्या कुलपात. मुलांनी महागड्या काठ्या घरून आणायला बंदी ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात मंडळात दोन वर्ग पडतील.

कागदपत्रं जूनमध्येच हलवा: शाळा व्यवस्थापनाचा ठराव, महापालिकेच्या शिक्षण विभागाला कळवणं, तळ्यासाठी महापालिकेची आणि धक्क्यासाठी मेरीटाइम बोर्डाची परवानगी, कांदळवन कक्षाचं उत्तर, मच्छीमार संस्थेचं पत्र, प्रत्येक पालकाची संमती आणि मुलांचा विमा. मच्छीमार संस्थेकडे पत्र घेऊन स्वतः जा, टपालाने पाठवू नका.

दोन हंगाम सुरळीत पार पडले की जिताड्याकडे वळा. त्यासाठी खाडीच हवी असं नाही. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या खारपाटात शेतकरी तळ्यांत जिताडा वाढवतात. एखाद्या शेतकऱ्याशी आधी बोलून, धरलेल्या माशामागे ठरलेले पैसे देऊन, दहावीच्या मुलांसाठी एक दिवस मागून घेता येईल. तिथला मासा विकायचा असतो, त्यामुळे सोडायचा की शेतकऱ्याला द्यायचा हे त्यालाच ठरवू द्या. आणि तो दिवस पक्का होईपर्यंत मंडळाच्या माहितीपत्रकावर जिताड्याचं चित्र छापू नका. छापलंत, तर सुरुवातीचा प्रत्येक शिंगाळा पालकांना फसवणूक वाटेल.